मोठ्या नावांचं संचालक मंडळ

१६ डिसेंबर २००८. हैदराबादच्या ‘सत्यम कॉम्प्युटर’च्या संचालक मंडळाने मेटास नावाच्या दोन बांधकाम कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घ्यायला मंजुरी दिली. सॉफ्टवेअरवाल्यांना बांधकामाची हौस का सुटावी? दोन्ही कंपन्या अध्यक्ष रामलिंग राजूंच्याच घरच्या होत्या, एवढंच. मंडळावर होते हार्वर्डचे प्राध्यापक कृष्ण पालेपू, पेंटियम चिपमुळे गाजलेले विनोद धाम, माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद. तरीही ठराव मंजूर झाला. तो रोखला बाजाराने: न्यूयॉर्कमध्ये शेअर कोसळला आणि काही तासांत सौदा गुंडाळावा लागला. ७ जानेवारी २००९ला राजूंनी पत्रातून कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेल्या शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात नव्हतेच.

काही महिन्यांपूर्वीच या कंपनीला उत्तम कारभाराचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता.

संस्थात्मक सिद्धांताच्या अभ्यासकांना यात नवल वाटणार नाही. जॉन मेयर आणि ब्रायन रोवन यांनी १९७७मध्येच मांडलं होतं, की संस्था पुष्कळ नियम काम सुधारावं म्हणून नव्हे, तर समाजात पत राहावी म्हणून स्वीकारतात. रोजचा कारभार आपल्या वाटेने चालतो. डिमॅजिओ आणि पॉवेल यांनी १९८३मध्ये संस्था एकसारख्या का दिसू लागतात याची कारणं सांगितली: कायद्याची सक्ती, दुसऱ्याची नक्कल आणि व्यावसायिकांचं एकाच साच्यातलं शिक्षण.

कायदेही नकलेतून येतात. ब्रिटनच्या कॅडबरी समितीचा १९९२चा अहवाल विखुरलेल्या भागधारकांच्या कंपन्या नजरेपुढे ठेवून लिहिलेला होता. तिथे प्रश्न व्यवस्थापकांवर वचक ठेवण्याचा. त्याच वळणाचं, मंडळावर प्रवर्तकांशी लागेबांधे नसलेले ‘स्वतंत्र’ संचालक मागणारं कलम ४९ बिर्ला समितीच्या शिफारशींवरून शेअर बाजाराची नियामक सेबीने २०००मध्ये कंपन्यांच्या सूचिबद्धता करारात आणलं. आपल्याकडे मात्र बहुतेक कंपन्यांच्या नाड्या प्रवर्तक घराण्यांच्या हाती, आणि स्वतंत्र संचालक निवडणारेही तेच.

२०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या मंडळावर एक तरी महिला हवी म्हटलं, तेव्हा अनेक प्रवर्तकांना घरातल्याच पत्नी आणि मुली आठवल्या. अखेर बड्या कंपन्यांसाठी ‘स्वतंत्र’ महिला संचालक, असं सेबीला वेगळं सांगावं लागलं.

२०२२पासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला सहसा विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी किमान ७५ टक्के बाजूने. अशा कंपनीत प्रवर्तकांना सहसा जास्तीत जास्त ७५ टक्केच भाग ठेवता येतात. जिथे तेवढे आहेत, तिथे बाकीच्या साऱ्या भागधारकांनी विरोधात मत दिलं तरी ठराव मंजूर होतो.