चकल्यांच्या शेजारी चकत्या

मोटरसायकलच्या धावण्याचे सारे श्रेय इंजिनाला मिळते. झीज मात्र क्लचच्या वाट्याला येते. थोरल्या सुनेसारखीच त्याची गत! इंजिन आणि चाक यांच्यामध्ये उभे राहून दोघांचे धक्के सोसायचे, आणि दमला की बोल त्यालाच.

आमच्या शिराळ्याहून कोकरूडच्या बाजूला निघाले की चढउतार पुष्कळ. घरची जुनी बुलेट धाकटे बंधू दुधासाठी वापरतात. किटल्या भरलेल्या, समोर चढ आणि बोटे क्लचवर अर्धवट दाबलेली! दिवाळी आठवड्यावर आली असताना इंजिन गर्जू लागले, पण गाडी काही वेग घेईना. सणाचे दूध वेळेवर पोचले नाही, तर आठवड्याच्या कमाईवर पाणी. मिस्त्रींकडे चार दिवसांची रांग. तेव्हा आम्ही अंगणातच पान्हे मांडले.

क्लचच्या पोटात दोन जातींच्या चकत्या एकाआड एक असतात. घर्षणाचे अस्तर असलेल्या चकत्या इंजिनाबरोबर फिरतात, पोलादी चकत्या गिअरपेटीबरोबर. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. मूठ आवळली की त्या सुटतात. अस्तर झिजले की पकड जाते, चकत्या घसरतात, तापतात आणि अधिकच झिजतात.

मात्र गाडी खोलण्याआधी केबल पाहावी. ती फार ताणलेली असेल, तर चांगला क्लचही घसरतो. मुठीशी दोन-तीन मिलिमीटर ढिलाई हवीच. आमची केबल ठीक होती. मग डावीकडचा ब्रेकचा पाय काढला आणि झाकणाखाली परात सरकवली.

"अहो, ती शंकरपाळ्यांची परात आहे!" स्वयंपाकघरातून हाक आली. जुनी घमेली पुढे आली आणि घरातली शांतता टिकली.

स्प्रिंगांचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले केले. निघालेल्या चकत्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडल्या. पोलादी चकती आरशाच्या काचेवर ठेवून पाहिली. डुलली तर ती वाकडी समजावी. आमच्या सरळ निघाल्या. अस्तराच्या चकत्या मात्र नव्या आणल्या आणि रात्रभर तेलात बुडवल्या. नरकचतुर्दशीआधीच त्यांचे अभ्यंगस्नान झाले!

तेलाची निवडही महत्त्वाची. मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी तेलात भिजणारा क्लच घसरतो. मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' हे जपानी मानक पाहून घ्यावे.

सकाळी त्याच क्रमाने चकत्या बसवल्या, स्क्रू समोरासमोरचे आवळले, झाकणाला नवे गॅस्केट लावले, तेल भरले आणि केबलची ढिलाई जुळवली. मूठ दाबून पाहिली, तर दाबपट्टी सर्व बाजूंनी सारखी उचलली जात होती. रिकाम्या गाडीने चढ सहज काढला, तेव्हाच किटल्या अडकवल्या.

वाचकहो, नवा क्लच टिकवण्याचे औषध फुकट आहे. चढावर गिअर वेळीच खाली घ्यावा, आणि विनाकारण मुठीवर बोटे ठेवू नयेत. बंधूंना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "दादा, बोटांना सवय आहे!" त्या सवयीची किंमत आता त्यांच्याच हिशेबाच्या वहीत लिहिली आहे.