माडावरचं गिधाड

गिधाडाचं घरटं म्हटलं की डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा येतो. कड्यावर राहतं ते लांब चोचीचं गिधाड. त्याच्या जातभाईला, पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला, उंच झाड लागतं. आणि कोकण किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनच्या वाड्यांमध्ये या पक्ष्याने त्यासाठी चक्क माड निवडला! चार-पाच किलो वजनाचा, पंख पसरले की दोन मीटरवर जाणारा हा पक्षी खाऱ्या वाऱ्यात हेलकावणाऱ्या शेंड्यावर उतरतो आणि झावळ्यांच्या बेचक्यात काटक्या रचून पिल्लू वाढवतो.

असं एकेक घरटं मोलाचं का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९८०च्या दशकात हा जगातल्या सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानला जाई. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातलं एक उरलं! २०००पासून ही जात धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे.

कारण शोधताना शास्त्रज्ञ आधी रोगाच्या मागे लागले. २००४ साली लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून खरा गुन्हेगार दाखवला: डायक्लोफिनॅक, गुरांना सर्रास टोचलं जाणारं वेदनाशामक. काळपुळीच्या जंतूंनी भरलेलं मांस पचवणारं हे पोट, पण या औषधाचा थोडासा अंशही मूत्रपिंडं बंद पाडतो. रक्तातलं युरिक आम्ल बाहेर पडत नाही, त्याचे पांढरे स्फटिक हृदय-यकृतावर साचतात आणि पक्षी काही दिवसांत मरतो.

त्याहून चकित करणारा हिशेब पुढेच आहे. एवढा संहार व्हायला शंभरातलं एक जनावरही विषारी असावं लागत नाही, त्याहून कमी पुरतं. कारण एका मढ्यावर डझनांनी गिधाडं उतरतात आणि अन्नासाठी लांबलांबून येतात. घट अशी झपाट्याची, भरपाई मात्र कमालीची संथ. मादी वर्षाला एकच अंडं घालते. ते जवळपास पन्नास दिवस उबवावं लागतं, पिल्लू उडायला तीन-साडेतीन महिने घेतं आणि वयात यायला पाचेक वर्षं.

२००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांपर्यंत पोचत राहिल्या, म्हणून २०१५मध्ये माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरवर आणली गेली. २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही औषधंही जनावरांसाठी बंद झाली. मेलोक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय हाताशी आहे.

औषधापलीकडेही किनाऱ्यावर अडचणी आहेत. गुरं कमी झाली, मेलेलं जनावर पुरलं जाऊ लागलं, म्हणजे खाणंच घटलं. महाडच्या सीस्केप संस्थेने प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला मेलेली जनावरं गिधाडांसाठी पोचवण्याचं काम उभं केलं, ते याच उपासमारीवर उपाय म्हणून. मग झाडांचा प्रश्न. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातल्या माड-पोफळी आडव्या केल्या. नवा माड घरट्याजोगा उंच व्हायला अनेक वर्षं लागतात.

उभ्या माडावरही अडचण आहेच. नारळ उतरवायला पाडेकरी चढला की घरट्यातली जोडी बिथरते, कोवळं पिल्लू खाली पडू शकतं. न चढावं, तर वाडीवाल्याचे नारळ जातात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तो एकच माड मोकळा सोडला तर पिल्लू उडून जातं. बुडालेल्या नारळांचे पैसे मोजता येतात आणि वाडीवाल्याला देताही येतात. हजारातल्या एकावर आलेल्या जातीसाठी एवढा सौदा स्वस्तच म्हणायचा.