विहिरीचा फुटका काठ काढताना

खेड्यातल्या पोरांचा पोहण्याचा तलाव म्हणजे गावची विहीर. पाठीला भोपळा बांधायचा अन् काठावरून उडी ठोकायची! पण तो काठच फुटका असला तर?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावी एका पोराच्या पायाखालचा काँक्रीटचा हातभर तुकडा निखळला. पोरगं पाण्यात, तुकडा त्याच्या मागोमाग. थोडक्यात बचावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चार शहाणे घण घेऊन निघालो. काठ फुटला खरा, पण हादऱ्याने खालच्या बांधणीतले दोन दगडही हलले.

मुळात काठ फुटतो का? काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. ताणाची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच. म्हणून त्याच्या पोटात लोखंडी सळया घालतात. भेगेतून पाणी सळईपर्यंत पोचले की ती गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. मग सळईच आतून काँक्रीट फोडते. काळ्या जमिनीत तर मातीही पावसाळ्यात फुगून काठाला ढकलते. अशा काठावर वरून गिलावा केला तर तो फार दिवस टिकत नाही.

आधी जमिनीवर उभे राहून हातोडीने ठोकून पाहावे, मडके पारखतो तसे. खणखणीत वाजले तर घट्ट, बद्द वाजले तर पोकळ. गुरुजींनी ही परीक्षा मुलांना लांबूनच ऐकवावी, बरं का!

मग बाहेरच्या बाजूची माती उकरून काठ किती खोल गेला आहे ते बघावे. खपल्या पाण्यात पडू नयेत म्हणून काठाखाली ताडपत्रीची झोळी बांधावी. मोठा तुकडा झोळीला पेलणार नाही, म्हणून छिन्नीने खाच पाडून हाताने उचलता येतील एवढेच तुकडे करावेत, आणि सळई करवतीने कापावी. पहार दगडी बांधणीवर टेकवू नये. जमिनीच्या बाजूला लाकडी ठोकळा ठेवून त्यावर टेकवावी. तुकडा नेहमी आपल्याकडे ओढायचा. माणसाच्या कमरेला दोर हवा, आणि जो भाग काढायचा त्यावर त्याने कधी उभे राहू नये. धूळ छातीत जाऊ नये म्हणून पाणी शिंपडत राहावे, नाकाला धूळ रोखणारा मास्क बांधावा.

नव्या काठाचा उतार विहिरीपासून बाहेर द्यावा, आणि निदान ७ दिवस तो ओला ठेवावा.

आमचे ते दोन दगड गवंड्याने पुन्हा बसवले. काठ काढायला लागला त्याहून दोन दिवस जास्तच लागले.