दृष्टिपटलाची नीला तुंबल्यास : इंजेक्शननंतर लेसरचे स्थान

डोळ्याच्या मागील पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, रक्त आणणाऱ्या रोहिणी आणि परत नेणाऱ्या नीला काही ठिकाणी एकमेकींवरून जातात. उच्च रक्तदाबाने कठीण झालेली रोहिणी तेथे नीलेवर दाब देते आणि प्रवाह तुंबतो. शाखा तुंबली तर दृष्टिपटलाचा काही भाग, मुख्य नीला तुंबली तर संपूर्ण दृष्टिपटल बाधित होते. एका डोळ्याची नजर अचानक, वेदनेशिवाय अंधूक होते. बहुतेकदा याचे कारण पीतबिंदूवरील सूज हे असते. वाचन याच पीतबिंदूच्या आधारे होते.

प्राणवायू कमी पडलेले दृष्टिपटल व्हीईजीएफ नावाचे प्रथिन तयार करते व त्यामुळे रक्तवाहिन्या पाझरतात. हे प्रथिन रोखणारी इंजेक्शने आज पहिला उपचार मानली जातात. तरीही काही रुग्णांची सूज उतरत नाही किंवा वारंवार परतते. इंजेक्शने वेळेवर घेतली गेली का, औषध बदलून किंवा स्टिरॉइड देऊन पाहिले का, हे तपासल्यानंतरच लेसरचा विचार होतो.

या विकारात लेसरची कामे दोन आहेत. पहिले काम सूज कमी करण्याचे. अमेरिकेतील १९८४ च्या अभ्यासात शाखा तुंबलेल्या रुग्णांना जाळीच्या आकारात सौम्य लेसर देण्यात आला. तीन वर्षांनी ६५ टक्के डोळ्यांत दृष्टी तक्त्यावरील दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली. उपचार न झालेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. मुख्य नीला तुंबलेल्या रुग्णांत मात्र १९९५ च्या अभ्यासात सूज घटली, पण नजर सुधारली नाही. म्हणून हा लेसर शाखेच्या विकारापुरताच उपयोगी आहे, तोही पीतबिंदूचा रक्तपुरवठा टिकून असेल तरच.

दुसरे काम डोळा वाचवण्याचे. प्राणवायूच्या अभावी नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्या फुटल्यास डोळ्यात रक्तस्राव होतो. त्या बुबुळावर पसरल्यास डोळ्यातील द्रवाचा निचरा अडून वेदनादायक काचबिंदू होतो. अशा वेळी दृष्टिपटलाच्या कडेच्या भागावर विखुरलेला लेसर देतात. त्या भागाची प्राणवायूची गरज घटते आणि नव्या वाहिन्या आक्रसतात. बाजूची व रात्रीची नजर थोडी कमी होऊ शकते. गेलेली दृष्टी मात्र या लेसरने परत येत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. इंजेक्शनांनी गुण येत नाही म्हणून निराश होऊन तपासणी सोडणारा रुग्ण केवळ वाचनाची नजरच नव्हे, तर संपूर्ण डोळा गमावू शकतो. विशेषतः मुख्य नीला तुंबल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत नियमित तपासणी अत्यावश्यक आहे. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे हे दुसऱ्या डोळ्याचेही संरक्षण होय.