टपाल आले नाही, तर?

पोस्टमन आठवडाभर तुमच्या दारावर आला नाही, तर तुम्ही काय समजता? कोणी पत्रच लिहिले नसेल, असे समजता. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण कधी कधी पत्र लिहिलेले असते, पाठवलेलेही असते आणि वाटेत कोठेतरी अडून बसलेले असते. संगणकावरच्या टपालाचे, म्हणजे ई-मेलचेही असेच होते.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या कार्यालयातून मला बोलावणे आले. शिष्यवृत्तीच्या अर्जांत काही उणीव निघाली, तर ती ई-मेलने कळवली जाईल, असे त्या शाळेला सांगितलेले होते. तीन आठवड्यांत एकही पत्र आले नव्हते. उणीवच नाही, म्हणून पत्र नाही, असे समजून सगळे निश्चिंत होते. मग शेजारच्या शाळेतील एका शिक्षकांनी सहज विचारले, "तुमच्या किती अर्जांत त्रुटी निघाल्या?" तेव्हा कार्यालयात धावपळ सुरू झाली.

क्लार्क मला म्हणाले, "साहेब, आमची पत्रे तर जातात. मग येत का नाहीत?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर समजण्यासाठी ई-मेलचा रस्ता पाहू.

तुम्ही पत्र लिहून 'पाठवा' या बटणावर टिचकी मारता, तेव्हा ते थेट समोरच्या माणसाच्या संगणकावर जात नाही. आधी ते एका सर्व्हरवर जाते. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असणारा संगणक. त्याला टपाल कचेरी समजा. तेथून ते दुसऱ्या कचेरीत जाते आणि त्या माणसाच्या पेटीत पडून राहते. आपल्या संगणकातील ई-मेलच्या प्रोग्रामलाच तेथे जाऊन विचारावे लागते, "माझे काही आले आहे का?" पत्र पाठवण्याच्या पद्धतीला एसएमटीपी म्हणतात. पत्र आणण्याच्या पद्धती दोन, पॉप आणि आयमॅप. 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल' या नावावरूनच पॉप हा शब्द तयार झाला आहे. जाण्याचा रस्ता वेगळा आणि येण्याचा वेगळा. म्हणून एक चालू आणि दुसरा बंद, असे होऊ शकते.

आता बिघाड कसा शोधायचा? आधी साध्या गोष्टी पाहा. इंटरनेट चालू आहे का? प्रोग्राम चुकून 'ऑफलाइन' तर ठेवलेला नाही ना? पत्र 'स्पॅम'च्या कप्प्यात तर पडलेले नाही? हे सर्व ठीक असेल, तर एक महत्त्वाची परीक्षा करा. प्रोग्राम बाजूला ठेवा आणि तीच पेटी ब्राउझरमधून उघडा. पत्र तेथे दिसले, तर कचेरीचा दोष नाही. ते आणणारा प्रोग्राम अडला आहे. पत्र तेथेही नसेल, तर प्रोग्रामला कितीही दटावले तरी उपयोग नाही. जे कचेरीतच पोहोचले नाही, ते तो कोठून आणणार?

प्रोग्राम अडला असेल, तर तो बहुधा पडद्यावर कारण लिहितो. लोक ते न वाचताच 'ओके' दाबतात, ही मोठी चूक आहे. पासवर्ड नाकारला, असे लिहिलेले असेल, तर पासवर्ड बदलला गेला आहे का ते पाहा. पासवर्ड बरोबर असूनही असे घडते. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नियम कडक केले. नुसते नाव आणि नेहमीचा पासवर्ड देणाऱ्या प्रोग्रामना तेव्हापासून जीमेलची पेटी उघडता येत नाही. अशा वेळी प्रोग्रामची नवी आवृत्ती घेऊन खाते पुन्हा जोडावे लागते.

प्रमाणपत्र अवैध आहे, असे लिहून आले, तर आधी संगणकावरची तारीख पाहा. (तारीख हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. अरबी-फारसीतून तो मराठीत आला आणि मराठीचाच झाला.) सर्व्हरच्या ओळखपत्रावर मुदत लिहिलेली असते. संगणकाच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली, की संगणक बंद केल्यावर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग आजचे ओळखपत्र त्याला खोटे वाटते आणि तो सर्व्हरशी बोलतच नाही.

त्या शाळेत मात्र पडद्यावर कोणतीच तक्रार नव्हती. 'नवीन पत्र नाही', एवढेच दिसत होते. मी ब्राउझरमधून पेटी उघडली. तेथेही शेवटचे पत्र तीन आठवड्यांपूर्वीचे होते. मग मी माझ्या फोनवरून शाळेच्या पत्त्यावर एक पत्र पाठवले. थोड्याच वेळात ते परत आले. त्यावर कारण लिहिले होते : पेटी भरलेली आहे.

क्लार्कना हे पटेना. ते तर जुनी पत्रे रोज पुसत होते! पण ते पुसत होते आपल्या संगणकावरची पत्रे. पॉप पद्धतीत प्रोग्राम पत्र उतरवून घेतो आणि कचेरीतली प्रत काढून टाकतो. येथे कोणीतरी 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या पर्यायावर खूण केली होती. त्यामुळे इकडे पेटी रिकामी दिसत होती आणि तिकडे वर्षानुवर्षांची पत्रे साठत होती. शेवटी जागा संपली. पाठवण्याच्या रस्त्यावर ही पेटी लागतच नाही, म्हणून शाळेची पत्रे बिनधोक जात होती.

आम्ही हवी ती पत्रे पेन ड्राइव्हवर घेतली, सर्व्हरवरची जुनी पत्रे काढली आणि प्रत फक्त १४ दिवस राहील, अशी व्यवस्था केली. अर्ध्या तासाचे काम होते. पण परत गेलेली पत्रे आपोआप येत नाहीत. ती पुन्हा मागवावी लागतात. क्लार्कनी लगेच शिष्यवृत्तीच्या कार्यालयात फोन लावला. संध्याकाळपर्यंत चार पत्रे आली. तीन अर्ज दुरुस्त करून वेळेत गेले. चौथ्याची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. तो आठवीतल्या एका मुलीचा होता, आणि उणीव होती फक्त एका सहीची.

आता ते क्लार्क दर सोमवारी सकाळी आपल्या फोनवरून शाळेच्या पत्त्यावर एक पत्र पाठवतात. त्यात त्या दिवसाची तारीख असते, दुसरे काही नाही. ते संगणकावर उतरले, की मगच ते चहा मागवतात.