पाळी थांबवून मूल कसं मिळणार?

कागल पंचतारांकित एमआयडीसीतली पहिली शिफ्ट करून एक ताई गटाच्या बैठकीला आली. म्हणाली, "वहिनी, मूल पाहिजे म्हणून दवाखान्यात गेलो, आन् डॉक्टर तीन महिने पाळीच बंद करूया म्हणत्यात. ह्याला काय अर्थ हाय?"

तिला एंडोमेट्रिओसिस आहे. म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर, अंडाशयावर, नळ्यांजवळ उगवतो. पाळीत तिथंही रक्त सुटतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुनं काळपट रक्त साठून गाठ झाली, की तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. मशीनपाशी उभं राहवत नाही इतकं दर महिन्याला दुखत असेल, तर 'बाईच्या जातीला असतंच' म्हणून अंगावर काढू नका.

आता इंजेक्शन. ल्युप्रोलाइडसारखं औषध महिन्याला किंवा तीन महिन्यांनी देतात. मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप ते थांबवतं. इस्ट्रोजेन उतरतं, त्या थराचं खतपाणी तुटतं. सुरुवातीला काही दिवस त्रास वाढू शकतो. मग पाळी कायमची गेल्यासारखं होतं: अंगातून वाफा, झोपमोड, कोरडेपणा. फार महिने चाललं तर हाडं विरळ होतात. इंजेक्शनं थांबली की पाळी परत येते.

पण टेस्ट ट्यूब बेबीआधी ते द्यावंच का? 2006 साली तीन छोटे अभ्यास एकत्र तपासले, मिळून 165 बायका. तीन ते सहा महिने इंजेक्शनं घेतल्यावर दिवस राहण्याची शक्यता बरीच वाढते, असं दिसलं. 2019 मध्ये आठ अभ्यास, 640 बायका पाहिल्या, तेव्हा ती खात्री उरली नाही. फायदा नक्की नाही म्हणून 2022 च्या युरोपीय मार्गदर्शिकेनं या कामासाठी ती देण्याची शिफारस केलेली नाही. आणि आपोआप दिवस राहावेत म्हणून पाळी थांबवणारी औषधं घेण्यात तर तेवढे महिने फुकटच जातात.

म्हणून तिला सांगितलं, वय पस्तिशीपुढं असेल, अंडी कमी असतील, तर तीन महिनेही महाग पडतात. सरळ विचार, "मला हे कशासाठी? न घेता सुरू केलं तर?" यात उद्धटपणा नाही. केंद्राची नोंदणीही बघ. 2021 च्या कायद्यानं ती सक्तीची आहे, लेखी संमतीही लागते.

पुढच्या खेपेला ती नवऱ्याला सोबत घेऊन गेली. त्याची तपासणी तोवर झालीच नव्हती.