पातं जागचं हलत नाही

मिरजेच्या आमच्या घरी माळ्यावर अण्णांची पत्र्याची पेटी होती. तिच्यात पटाशी, कानस, गिरमिट यांच्यासोबत यू आकाराची एक लोखंडी चौकट असायची. एका बाजूला लाकडी मूठ, दोन टोकांना पातं आवळायचे नट आणि मधे दोऱ्यासारखं बारीक, दातेरी पातं. आम्ही तिला फ्रेटसॉ म्हणायचो. श्रावण लागला की अण्णा टेबलाच्या कडेला खाच पाडलेली फळी आवळून बसायचे आणि तिच्यावर प्लायवूड धरून गणपतीच्या मखराची जाळी कापायचे. रेघेवर साचणारा भुसा फुंकरीनं उडवायचा, एवढंच माझं काम होतं.

पुढचं काम हाती आलं ते वयाच्या ५८व्या वर्षी, नोकरी संपल्यावर. तेही हाताच्या चौकटीवर नाही, विजेच्या यंत्रावर. त्याचं नाव स्क्रोल सॉ. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांना मी शिवणयंत्राची आठवण करून देते. सुई जागच्या जागी खालीवर होते आणि कापड आपण सरकवतो, फिरवतो. इथे सुईच्या जागी साधारण ५ इंच लांबीचं पातं, आणि कापडाच्या जागी फळी. मोटरचं गरगर फिरणं दांड्यामार्फत खालीवर होण्यात बदलतं. वरचा आणि खालचा असे दोन हात पात्याला दोन्हीकडून ताणून धरतात आणि मिनिटाला चारशेपासून सोळाशे-अठराशे वेळा वरखाली करतात. एकोणिसाव्या शतकात अशी यंत्रं पायानं चालवत, अगदी शिवणयंत्रासारखीच. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात डेरहॅम नावाच्या गावातून १८९५पासून ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिक निघत असे. त्याच्या अंकांसोबत कापायचे नमुने मिळत आणि घरोघरी लोक संध्याकाळी चौकटी, घड्याळांची घरं कापत बसत.

अण्णांच्या हातात करवत चालायची, फळी स्थिर असायची. इथे नेमकं उलटं. पातं जागचं हलत नाही, वळण घ्यायचं ते लाकडानं. हे डोक्याला पाच मिनिटांत कळतं, हातांना कळायला मला वर्ष लागलं. कोपऱ्यावर आलं की हात लाकूड पुढे ढकलायला बघतात, आणि तिथेच रेघ सुटते. पुढे ढकलणं थांबवायचं, पात्याभोवती फळी भिंगरीसारखी फिरवायची आणि मग नव्या दिशेनं निघायचं. पहिल्यांदा असा काटकोन स्वच्छ निघाला तेव्हा मी यंत्र बंद करून तो कोपरा बोटानं कितीतरी वेळ चाचपत होते.

वळणं जमली की वाटतं, सरळ रेघ तर सोपीच असणार. ती सगळ्यात अवघड. बहुतेक पाती दात दाबून किंवा कापून काढलेली असतात, त्यामुळे एका कडेला बारीक कंगोरा राहतो आणि ती कड जास्त कापते. पातं सतत एका बाजूला ओढ घेतं. रेघ नाकासमोर धरून सरळ ढकललं तर काप तिरका जातो. फळी थोडी तिरपी धरून चालवावी लागते आणि ती किती तिरपी हे पात्यागणिक बदलतं. मी नवं पातं लावलं की आधी टाकाऊ तुकड्यावर एक रेघ कापून त्याचा स्वभाव बघते. सुरुवातीला हे कोणी सांगितलं नव्हतं. चार महिने मी आपल्या हातातच खोट आहे असं समजून झुरत होते, म्हणून इथे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

दुसरं दुःख पातं तुटण्याचं. ‘टक्’ असा आवाज होतो, वरचा हात उडतो आणि नाजूक पाकळी कापत असाल तर छातीत धस्स होतं. ताण कमी असेल तर पातं पोटात वाकतं आणि काप उभा राहत नाही, वरून गोल दिसणारं भोक खालून लंबगोल निघतं. ताण फार झाला तर तुटतं. नेमका ताण ओळखायला मी मिरजेचं बालपण वापरते. आमच्या गल्लीपासून जवळच तंबोऱ्यांची दुकानं होती, तारा जुळवण्याचा आवाज दिवसभर कानी पडे. पातं बोटानं छेडायचं. बद्द आवाज आला तर ढिलं, स्वच्छ आणि उंच वाजलं तर तयार. कान शंभरातल्या नव्वद वेळा फसवत नाही.

तुटलेलं पातं उजेडात धरून पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. पात्याची उडी जेमतेम पाऊण इंचाची असते. ३ मिलिमीटर प्लाय कापताना त्याच त्या थोड्याशा दातांवर सगळं ओझं येतं, ते बोथट होतात आणि वरचे-खालचे दात कोरे राहतात. म्हणून धार गेल्यासारखी वाटली की फळीखाली एक टाकाऊ तुकडा ठेवून ती उचलायची. नवे दात कामाला लागतात. महागाची पाती मागवणाऱ्याला ही युक्ती फार मोलाची.

पाती मागवावी लागतात, हा तर मोठाच त्रास. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात हॅक्सॉचं पातं मिळतं, फ्रेटसॉचं क्वचित. स्वस्त यंत्रांना लागतात ती टोकाला आडवी खिळी असलेली पाती, आणि ती खिळी आत जायची तर भोकही तेवढंच मोठं पाडावं लागतं. मोराच्या डोळ्यासाठी एवढं मोठं भोक पाडलं तर मोरच राहत नाही. मी दुसऱ्या वर्षी बिनखिळीची पाती धरणारं यंत्र घेतलं. आता १ मिलिमीटरच्या भोकातून बारीक पातं जातं. आतली प्रत्येक जागा कापायची म्हणजे आधी गिरमिटानं भोक, मग पातं वरून सोडायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा वर अडकवायचं, ताणायचं, छेडायचं, आणि मग कापायचं. जाळीत १२० छिद्रं असतील तर हे १२० वेळा. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं. मला ओवण्याचे ते क्षण आवडतात. यंत्र गप्प असतं, एक तुकडा नुकताच गळून पडलेला असतो आणि त्या रिकाम्या जागेतून पलीकडचा उजेड दिसतो.

लाकडाबद्दल बोलायचं तर तासभर बोलेन. सागवान आपल्या मनात पहिलं येतं, पण सागात वाळूसारखे बारीक कण असतात आणि धार लवकर मरते. शिवण मऊ, शांत लाकूड, कापायला आणि घासायला सुखाचं. हेदूचा पिवळा रंग गोड आणि पोत बारीक. शिसव कठीण, हळू कापावा लागतो, नाहीतर कड जळून काळी पडते. पण पॉलिशपेपर फिरवल्यावर तो असा काही उघडतो की सगळे कष्ट फिटतात. सुताराच्या दारातले उरलेले बीचचे आणि पाइनचे तुकडे शिकायला उत्तम. प्लायवूडनं मात्र मला रडवलं आहे. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या स्वस्त प्लायच्या पोटात पोकळ्या असतात. दोन दिवस खपून कापलेल्या वेलीचं टोक नेमकं अशा पोकळीवर येतं आणि हातात तुटून येतं. आता मी घेण्याआधी प्लायच्या चारही कडा तपासते. नमुना चिकटवण्याआधी फळीवर पॅकिंगची पारदर्शक टेप लावते. त्यामुळे लाकूड जळणं खूप कमी होतं. खालच्या बाजूला काड्या निघू नयेत म्हणून ज्याचे शेवटचे काही दात उलटे, वर तोंड करून असतात असं पातं वापरते.

हीच बारीक करवत फार मोठ्या माणसांनी हाताळली आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा कारागीर पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचं कवच एकावर एक ठेवून एकदमच कापायचा. मग पितळेची नक्षी कवचात बसवायची आणि कवचाची नक्षी पितळेत. एका कापातून दोन फळ्या, एकमेकींच्या उलट रंगांच्या. लंडनचा नकाशे खोदणारा जॉन स्पिल्सबरी यानं १७६०च्या दशकात लाकडावर नकाशे चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून कापून मुलांना भूगोल शिकायला विकले. तुकडे जुळवण्याच्या कोड्यांना पुढे जिगसॉ हे नाव मिळालं ते करवतीवरूनच.

बूलचा एकत्र कापण्याचा धडा मी दिवाळीला गिरवते. ३ मिलिमीटरचे चार तुकडे टेपनं घट्ट बांधले की १२ मिलिमीटरची एक फळी होते, आणि आकाशकंदिलाच्या चारही बाजू एकाच वेळी, तंतोतंत सारख्या निघतात. जाड थर पात्याला नीट आधारही देतो, एकेकटा पातळ प्लाय थरथरतो. आतून पिवळा जिलेटीन कागद, वर दोरी. लेसरनं कापलेले कंदील आणि मखरं बाजारात आता ढिगानं मिळतात, सुबक असतात, आणि थर्माकोलपेक्षा ती केव्हाही बरी. पण लेसर जाळत जातो, कड तपकिरी होते. माझ्या कंदिलाच्या कडेला लाकडाचा खरा रंग राहतो. पहिल्या आणि शेवटच्या पाकळीत केसभर फरक असतो, तो मला प्यारा आहे.

फ्लॅटमध्ये हे सगळं करणं सोपं नाही. यंत्राचा हादरा खालच्या मजल्यावर पोचतो. मी त्याखाली जाड रबर घातलं, दुपारी दोन ते चार यंत्राला हात लावत नाही, आणि खालच्या आजोबांना त्यांच्या देव्हाऱ्यासाठी महिरप करून दिली. धुळीशी मात्र तडजोड करू नये. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५मध्येच नोंदवलं आहे. दिवसभर बारीक भुसा नाकात गेला तर पुढे महागात पडतं. चांगला मास्क, यंत्राच्या तोंडाशी व्हॅक्युमची नळी आणि उघडी खिडकी यांवाचून मी बसत नाही. एमडीएफ तर घरात कापतच नाही.

माझा सगळ्यात आवडता विषय नावांच्या पाट्या. परदेशी नमुन्यांच्या पुस्तकांत रोमन अक्षरं असतात, प्रत्येक सुटं. ती एकेक करून फळीवर चिकटवावी लागतात. आपल्या लिपीला शिरोरेघ आहे. ‘कुलकर्णी’ कापलं तर अख्खं आडनाव एका तुकड्यात हातात येतं, शिरोरेघेला लोंबलेलं. ‘ग’चे आणि ‘ण’चे सुटे भागसुद्धा तिलाच लटकून राहतात. जणू ही लिपी करवतीसाठीच घडली आहे, असं मला पहिल्या पाटीला वाटलं होतं. मग ‘शिंदे’ आलं आणि अनुस्वार भुशात गळून पडला. आता मी टिंब थोडं खाली ओढून रेघेला टेकवते. विसर्गाची हीच अडचण. आणि ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांची तर गोष्टच वेगळी, कारण त्यांच्या डाव्या डोक्यावर रेघ नसते. ‘माधव’ कापलं की ‘मा’ एकीकडे आणि ‘धव’ दुसरीकडे. शेजारच्या काकूंच्या मुलाची पाटी अशी दोन तुकड्यांत निघाली तेव्हा मी रात्रभर अक्षरं चितारत बसले. शेवटी ‘ध’चं गोल वळण मागच्या काना‍च्या अंगाला पोटाशी चिकटेल इतकं फुगवलं. जोड ३ मिलिमीटरचा. वाचणाऱ्याला कळत नाही, पाटी धरून उचलली तरी तुटत नाही.

बंद पोटाची अक्षरं कापताना आतले तुकडे गळून पडतात. ‘व’चं पोट, ‘म’ची चौकोनी खिडकी, ‘ळ’चे दोन डोळे. मी ते झाडून टाकत असे. माझी पाच वर्षांची नात ते वेचून रिकाम्या बर्फीच्या डब्यात जमवते. परवा तिनं डबा जमिनीवर उपडा केला, एक बदामासारखा तुकडा उचलून उजेडात धरला आणि विचारलं, “आजी, हा ‘व’ आहे की ‘ब’?” मी निरखून पाहिलं. तुकड्याच्या एका कडेला तिरक्या रेघेची खूण नव्हती. ‘व’ होता.